मी छापलेली पत्रिका माझ्या घरी आली नाही

९ एप्रिल, बुधवार
बुलढाण्याला जाऊन आलो. गोकुळच्या मोटरसायकलवर, दर बुधवारसारखा. दवाखान्यातल्या शैलजा मॅडमनी आज आजाराचं पूर्ण नाव कागदावर लिहून दिलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. घरी येऊन तीनदा लिहिलं, एकही चूक नाही. दहावीला मी काठावर पास होतो. काठावर म्हणजे पासच. काळजीचं कारण नाही.

मॅडम म्हणतात, जवळचं माणूस सोडून जाईल या भीतीने मी आधीच भांडून मोकळा होतो. आणि माणसं मला सकाळी देव वाटतात, संध्याकाळी राक्षस. हे मला पटलं नाही. पण किती समजावून सांगतात! देवमाणूस आहेत.

नवा नियम : राग आला की काहीही करण्याआधी थांबायचं, गार पाण्याने तोंड धुवायचं, राग शून्य ते दहा यांत किती ते लिहायचं.

परत येताना गोकुळने सांगितलं, लग्नाची तारीख निघाली. १ मे. मुलगी रोहिणखेडची. मी शांतपणे अभिनंदन केलं. पुढे मोताळ्यापर्यंत बोललो नाही, तोही शांतपणाच.

लग्नानंतर बुधवारी मला कोण नेणार, हा प्रश्न मला पडलेला नाही. सहज लिहून ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार
गोकुळची पत्रिका आमच्याच दुकानात. ८०० प्रती. टायपिंग मी, प्रूफ मी. मालक सुधाकरभाऊ म्हणाले, भागवत, अख्ख्या धामणगाव बढ्यात तुझ्यासारखं शुद्ध कोणी लिहीत नाही. भाऊ देवमाणूस. मित्रपरिवारात माझं नाव पहिलं टाकू का, असं गोकुळला विचारलं. म्हणे, टाक ना बे कुठंबी. पहिलं टाकलं.

१७ एप्रिल, गुरुवार
गोकुळ कुंकू-अक्षतांची वाटी घेऊन घरोघरी पत्रिका वाटतो आहे. आज आमच्या गल्लीत आला. शेजारच्या बेबीताईंना दिली. समोरच्या पुंजाजींना दिली, त्यांना तर डोळ्यांनी दिसतही नाही. आमच्या दारासमोरून हात हलवून गेला.
माय म्हणे, गडबडीत हाय पोरगं, येईन उद्या.
राग : २.
दुरुस्ती, सायं. ६ : राग ८.

१८ एप्रिल, शुक्रवार
सकाळी ११.०० गोकुळने पत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली, सर्वांनी यायचं. ग्रुपमध्ये १४६ माणसं आहेत. म्हणजे माझ्या वाट्याला एकशे सेहेचाळिसावा भाग.
११.१० गोकुळला ब्लॉक केलं.
११.४० काढलं. त्याने माफी मागायला फोन केला तर लागायला हवा.
११.४५ पुन्हा ब्लॉक.
४.०० सुधाकरभाऊंनी विचारलं, मोबाइलले काय खाजवून राह्यला बे सकाळपासून. राजीनामा दिला. भाऊ राक्षस आहेत.
५.३० चहा आला. राजीनामा परत घेतला. भाऊ म्हणे, या वर्षातला हा सहावा, पुढच्या वेळी छापूनच ठेव.

तोंड धुवायचं राहिलं. दुकानातलं पाणी गरम येतं.

२१ एप्रिल, सोमवार
गोकुळच्या घरून २०० जादा पत्रिकांची ऑर्डर. तोंड धुतलं, थांबलो, मग पूर्ण विचारांती मित्रपरिवारातून माझं नाव काढून टाकलं. हा राग नाही, हा स्वाभिमान. स्वाभिमानाला आकडा नसतो.
आता ज्याच्या हातात पत्रिका पडेल तो विचारेल, भागवत कुठे आहे? गोकुळला उत्तर द्यावं लागेल.

२३ एप्रिल, बुधवार
सकाळी गोकुळची मोटरसायकल दारात. मायला सांगायला लावलं, ताप आहे. तो म्हणे, मंग आराम करू द्या त्याले, मले बी मंडपवाल्याकडं जायचं हाय. आणि खरंच गेला! ताप किती आहे, एवढंही विचारलं नाही.
मॅडमकडचा पहिला चुकलेला बुधवार. दोष गोकुळचा.

२६ एप्रिल, शनिवार
२०० पत्रिका वाटून झाल्या. भागवत कुठे आहे, असं कोणी विचारलं नाही. गोकुळच्या चुलत्याने फोन केला. म्हणे, छपाई लय झ्याक, फक्त गणपती थोडा मोठा पाहिजे होता.

संकल्प : लग्नाला जायचं नाही. ते मनवायला आले तरी लगेच हो म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा आले तर बघू.

३० एप्रिल, बुधवार, दुपारी ३
आज हळद. अख्खी गल्ली तिकडे, मायसुद्धा. मी दुकानात. दुसरा बुधवार गेला. कोणी आलं नाही.
राग नाही. राग असता तर बरं होतं. आत सगळं मोकळं मोकळं झालं आहे, माणसं निघून गेलेल्या मंडपासारखं. आकडा १०.
पत्रिका कापायचा कटर समोर होता. तो सुधाकरभाऊंना नेऊन दिला. म्हणालो, आज हा माझ्या हातात देऊ नका. त्यांनी काऊन ते विचारलं नाही. गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं आणि चावी बनियनच्या खिशात घातली. मग म्हणे, खुर्ची इकडं घे, माह्या जवळ बसून टाइप कर.
बसलो. मॅडमना फोन केला. त्यांनी उचलला. दहा मिनिटं बोलल्या, म्हणाल्या, पुढच्या बुधवारी या, कसेही या.
मागे स्वतःला इजा करून घेतली, त्या शेवटच्या वेळेला पाच महिने झाले होते. मोजणी आज शून्यावर आली नाही, अजूनही पाच महिनेच आहेत. यात विशेष काही नाही, फक्त नोंद.

१ मे, गुरुवार
लग्नाला गेलो नाही, असं लिहिण्यासाठी वही काढली होती. झालं ते असं.

सकाळी ९ पासून पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. उन्हाळ्यात पांढरा बरा. दार उघडं ठेवलं होतं, हवेसाठी. १० वाजता गोकुळचा भाऊ ज्ञानेश्वर धापा टाकत आला. मी मान फिरवून घेतली. ठरलं होतं तसं.
तो म्हणे, भागवत, चाल लवकर, उकंडराव मामा रुसला!

उकंडराव म्हणजे गोकुळचे थोरले मामा. मामाशिवाय नवरदेवाला मंडपात कोण नेणार? ते एसटी स्टँडजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले होते. आत्याबाई गेल्या, चुलते गेले, टॉवेल-टोपी घेऊन सरपंच गेले. मामा हलत नाहीत. मग गोकुळची आई आशाबाई म्हणाल्या, भागवतले धाडा, त्याले रुसण्यातलं समजते.
हा अपमान आहे की मान, हे ठरवायला वेळ नव्हता.

मामांच्या शेजारी बसलो. मामा म्हणे, मोबाइलात नेवता धाडते मले! मी काय लाइटचं बिल हाय? मॅडमनी शिकवलं आहे, समोरच्याला काय वाटतं ते आधी मान्य करायचं. मी म्हणालो, बरोबर आहे मामा, मलाही मोबाइलवरच आला. आणि ती पत्रिका तर मीच छापली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणे, काय सांगतं! मी सगळं सांगितलं, ताप, ब्लॉक, २०० पत्रिका, सगळं. मामांनी डोक्याला हात लावला. अर्धा तास आम्ही दोघं मिळून रुसलो. फार बरं वाटलं.

मग मामांनी विचारलं, तुले मनवाले कोण आलं होतं? म्हणालो, कोणीच नाही. मामा ताडकन उठले. म्हणे, मह्यासाठी सरपंच अन् तुह्यासाठी कोणीच नाही? अन् वरून मले मनवाले तुलेच धाडलं? चाल, दोघं जाऊन भांडू!

अशा रीतीने वरात निघाली. रोहिणखेडला मंडपाच्या तोंडाशी मामांनी नवरदेवाला गाठून विचारलं, या पोराले नेवता काऊन नाही दिला? गोकुळ मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणे, त्याले कायले नेवता? मह्या मायले दिला का मी? भावाले दिला का? घरच्याले कोणी कुंकू लावून बलावते काय बे?
मामा म्हणे, हे बी खरं हाय. आणि तिथेच माझा पक्ष सोडून त्यांनी टोपी घातली.

मी एकटा पडलो. तरीही वरणाची बादली हातात आली तेव्हा नाही म्हटलं नाही. चार पंगती वाढल्या. नाराजी कायम आहे, हे चेहऱ्यावर ठेवलं होतं. वाढताना ते कोणाला दिसलं नसावं.

४ मे, रविवार
गोकुळचा फोन. ब्लॉक निघालेला होता, कसा कोण जाणे. म्हणे, बुधवारी मांडव-परतणी हाय, सासुरवाडीले जा लागते, तू येष्टीनं जाशीन का?
मी म्हणालो, मी कधीपासून एकटाच जाणार होतो.
तोंड दोनदा धुतलं. राग ६. फोन ठेवल्यावर ९, रात्री जेवताना ५. कोणालाही ब्लॉक केलं नाही. राजीनामा दिला, पण आज रविवार, दुकान बंद.

निर्धार : बुधवारी एकटा जायचं. मॅडमना सगळं नीट सांगायचं, कटरपासून मामांपर्यंत. चार पानं मुद्दे काढले, शुद्ध अक्षरात. हे ऐकून मॅडम बहुधा म्हणतील, भागवत, तुम्ही बरे झालात, आता येऊ नका.
मग विचार केला. येऊ नका म्हणाल्या तर मी ऐकणार नाही.

७ मे, बुधवार
सकाळी ७.२० ची बस. खिडकी मिळाली. मोताळ्याला उतरून परत फिरावंसं वाटलं, आकडा ७. उतरलो नाही. बुलढाण्याला ९ वाजता पोचलो. मी पहिला नंबर.

मॅडम रजेवर. शिपाई म्हणे, भाच्याच्या लग्नाले गेल्या, पुढच्या बुधवारी या. मी विचारलं, नक्की येतील ना. म्हणे, हाव ना भाऊ, त्या काय पळून जाऊन राह्यल्या का? मी केसपेपर पुढे केला, आजच्या तारखेचा शिक्का तरी द्या. म्हणे, मॅडम नाही त शिक्का नाही, आजचा बुधवार धरल्या जात नाही.

बाकावर अर्धा तास बसलो. बाहेर उसाचा रस घेतला, एकच ग्लास. ११ च्या बसने परत आलो.

आजचा बुधवार त्यांनी धरला नाही तरी चालेल. मी धरणार आहे.