तू मान पुढे केलीस, असं मी सांगते

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुझ्या केसांवर बोलते. सभा कुठलीही असो, शेवटी मी तुझ्या जटेवर येते. ती किती जड होती ते सांगते, मग आवाज खाली आणून म्हणते, "माझ्या आईनं स्वतःहून मान पुढे केली." टाळ्या पडतात. त्या टाळ्या आता मला नकोशा होऊ लागल्या आहेत, आणि हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

सातपूरच्या त्या दोन खोल्यांत तू ओट्याशी उभी आहेस, जटेच्या ओझ्यानं मान डावीकडे कललेली. बाबा दुसऱ्या पाळीला गेलेत. मंगळवार असला की शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊन येतात, तुझ्या जटेला लावतात आणि मलाच दटावतात, "हात नको लावू गं, देवीचं हाय ते!" मी तेव्हा वक्तृत्वाच्या ढाली जिंकत होते, हाती येईल ते पुस्तक वाचून काढत होते आणि तुला रोज सुनावत होते, की केस विंचरले नाहीत की गुंता होतो, गुंत्यात मळ बसतो, यात देवी कुठून आली? तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि मागे न बघता म्हणालीस, "डोकं माझं आहे. तुझ्या भाषणाचा विषय नाही."

तरी मी तो केला. वसाहतीत जटा कापायचा कार्यक्रम ठेवला आणि मंडपात माइकवरून जाहीर केलं, "पहिली जट माझ्या घरातली!" तुला विचारलं नव्हतं. तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. सगळे तुझ्याकडे वळून बघायला लागले. तू उठलीस, कारण तू उठली नसतीस तर चारचौघांत मी खोटी पडले असते. कात्री लागली तेव्हा तुझ्या मानेवर काटा आलेला मी पाहिला. पुढे मानेचं दुखणं थांबलं, हे खरं. पण मंगळवारी कुणी येईनासं झालं, आणि मरेपर्यंत घरातसुद्धा तू डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाहीस. मला मात्र एका शब्दानं बोलली नाहीस. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

उद्या मला जट कापायला सायखेड्याला जायचंय. तिथल्या एका सुनेला तीन वर्षांपासून जट आहे, मान वळत नाही, खाज सुटते. तिच्या नवऱ्यानंच मला बोलावलं. पण बातमी फुटली आणि गाव शांत झालं. भांडण झालं असतं तर मी पुरून उरले असते. या शांततेशी कसं बोलायचं ते मला येत नाही. आठवडा झाला, गिरणीवाला तिचं दळण घेत नाही. मी गिरणीत उभी राहून बहिष्काराविरुद्धचा कायदा मोठ्यानं सांगितला. तो पीठ झटकत हसला. "बहिष्कार कुठाय ताई? पट्टा तुटलाय." मागे पट्टा फिरत होता. तिची सासू ऐंशीची आहे आणि चार दिवस तापानं फणफणलीय. औषध चालू आहे. पण जो तो येऊन म्हातारीला बघून जातो, आणि जाताना सुनेच्या डोक्याकडे बघतो. महिन्याभरात म्हातारीचं काही बरंवाईट झालं, तर ते कुणाच्या नावावर जाईल हे आत्ताच ठरलेलं आहे.

परवा त्या सुनेनं मला परसात नेलं. "ताई, तुम्ही कात्री पिशवीत घालून नाशिकला जाल. मी इथंच हाय." मी धीराचं बोलले, पाठीशी उभी राहीन म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यांनी तुमचा व्हिडिओ दावला. एक खरं सांगा, तुमच्या आईनं सोताहून मान पुढं केली?"

मी क्षणभरही थांबले नाही. हो म्हणाले.

"मंग मी बी करते," ती म्हणाली.

जटेत देवी नसते, हे मी आजही तितक्याच जोरानं म्हणेन. ती निघावी असंच मला वाटतं. पण गावात राहायचंय तिला, आणि ती हो म्हणालीय ते माझ्या खोट्यावर. दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला, "आईचा ताप उतरत नाय, पण उद्याचं पक्कं. ही सकाळपासून तुमचाच व्हिडिओ बघत बसलीय." मी बरं म्हणून फोन ठेवला. तिला खरं सांगितलं तर ती कदाचित नाही म्हणेल, आणि तो नकार मला मुकाट ऐकून घ्यावा लागेल. तिचा नंबर समोर आहे. तो लावायचा सोडून मी तुला लिहीत बसले, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.