पूजेतला पाना

भांडुप, १४ सप्टेंबर २०२५

चि. अनुपमा हिला बाळादादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नितेशने दिलं. मला फोनवरचं काही ऐकू येत नाही, इंजिनाजवळ जन्म गेल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा तुझ्या लेकाच्याच ट्रकमधून पत्रं जाऊ देत.

गाडीच्या पुढच्या चाकांच्या डिस्कला, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या चकतीला, तडे गेलेत. कुर्ल्यातली दुकानं पालथी घालून कंबर पार कामातून गेली. नितेशला ॲल्युमिनियमच्या चकचकीत डिस्क हव्यात. हलक्या असतात हे खरं, पण जाड असल्याने बोल्ट लांब लागतात आणि नटही वेगळे. जुने नट त्यात नीट बसत नाहीत. मी लोखंडीच घेतल्या असत्या. पण गाडी आता तो चालवतो, आणि रोज वाद घालायचं बळ माझ्यात नाही गं. टायरच्या बाबतीत मात्र ऐकणार नाही. पुढे कोरेच, रबर चढवलेले जुने फक्त मागे. तुला काय वाटतं ते कळव. माया असू दे.

तुझा,
बाळादादा


कुडाळ, २१ सप्टेंबर

ती. बाळादादास शि. सा. न.

चाकांतलं मला काय कळतंय? पण गाडीला कोरे टायर आणि स्वतःच्या कंबरेला तोच जुना पट्टा, शोभतं हो तुला. वहिनीला सांगून आधी तो बदल.

एकुलता एक पोर दर आठवड्याला घाट उतरतो. तो दारात येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. डिस्क चकचकीत असो नाहीतर काळी, चाक जाग्यार रवांदे, निखळू नये म्हणजे झालं.

खंडेनवमीला बाबा पूजायचे तशी हत्यारं पूज. चाकांचा पाना मधोमध ठेव आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. नितेशलाही मी बजावलंय. बाबांचं एवढं एक तरी पाळूया. थोरल्या भावाची माया राहू दे.

तुझी,
अनुपमा


मुलुंड, १ ऑक्टोबर

चि. अनुपमाला आशीर्वाद.

माल भरून होईपर्यंत गाडीतच बसून लिहितोय. नितेशच्या हट्टाच्या डिस्क काल बसवल्या. बसवणाऱ्या प्रीतमने बजावलं होतं की थोडी गाडी पळाली की नट पुन्हा आवळा, नवी डिस्क बसताना नट सैल पडतात. काल संध्याकाळी नितेश भिवंडीला जाऊन आला. आज सकाळी पाना पूजेत. मी झेंडू आणायला गेलो तेवढ्यात हा कुडाळचा माल भरायला मुलुंडला निघून गेला. तुझ्या वहिनीने फोन लावला तर म्हणाला, आईने हात लावू नको म्हटलंय, तिकडे पोचल्यावर दसरा झाला की आवळतो. म्हणजे घाट तसाच उतरणार.

मी पूजेतला पाना उचलला आणि रिक्षा केली. त्याला हळदकुंकू तसंच, फुलं मांडीवर पडलेली. रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता. इथे आल्यावरही तुझा लेक पान्याला शिवेना, म्हणून मीच आवळले. एकेक नट अर्धा अर्धा फेरा फिरला गं.

बाबांचं मी मोडलं. पाना गाडीतच ठेवलाय. रागाव हवं तर, पण सावकाश. मी फार थकलोय.

तुझा दादा


कुडाळ, २ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न.

नितेश आला तेव्हा आधी नटांवरचं कुंकू दिसलं. माझं डोकंच फिरलं. पूजेतला पाना उचलला म्हणून त्याला दारातच नको नको ते बोलले. त्याने तुझं पत्र तेवढं हातात दिलं.

अर्ध्या फेऱ्याचं वाचलं आणि अंगणात जाऊन त्या चाकापाशी बसले. खूप रडले, दादा. बाबांचं मोडलं म्हणतोस, पण तो हट्ट माझा होता. मोडलास ते बरं केलंस.

नितेश गाडी धुवायला निघाला होता. दसऱ्याची पूजा अजून व्हायची होती. मी पाना त्याच्या हातात दिला. म्हटलं, आधी माझ्यासमोर एकेक नट पुन्हा आवळ, मग काय धुवायचं ते धू.

कंबरेला शेक घे. पुढच्या नवमीला पूजेत दुसरं काहीही ठेव, पाना गाडीत राहू दे.

तुझी,
अनुपमा