शेवटचं वाक्य

वहिनी,

दादाच्या शोकसभेला तुम्ही आला नाहीत, बरं केलंत. मला अजून किळस येतेय.

कंपनीच्या सभागृहात त्याचा भिंतभर फोटो होता. त्याच्या खुर्चीवर आलेला नवा साहेब गहिवरून म्हणाला, "जाता जाता सर मला म्हणाले, चष्म्याचं काम थांबवू नका, जग बदला!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. लगेच पडदा सरकला आणि दादा शेवटपर्यंत ज्यावर खपत होता तो बोलका चष्मा विक्रीला आला. डोळे पुसणारे लोक त्याचे फोटो काढायला धावले.

वहिनी, दादा गेला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. तो एवढंच म्हणाला, "पाणी दे गं."

आईने कानाशी येऊन विचारलं, "खरंच असं म्हणाला तो?" मी "नाही" म्हणाले, पण त्या गलक्यात तिला ऐकू गेलं नाही. तीही टाळ्या वाजवू लागली.

घटस्फोटाला इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही विचाराल, "जाताना त्यांनी माझी आठवण काढली का?" "तुमचं नाव घेतलं" असं लिहून टाकावंसं फार वाटलं. पण मग त्या साहेबात आणि माझ्यात फरक काय राहिला?

नाही काढली, वहिनी. तुम्हाला हे कळवायचा मला धीर नाही, म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवतेय.

अजूनही तुमचीच,
नणंद