कानामागचा डाग

रविवार, संध्याकाळ. मोहम्मद बिन झायद सिटी

इंटरव्ह्यूला जाण्याआधी केस काळे केले. कानामागे डाग राहिला, घासूनही जाईना. त्यांनी विचारलं, "ज्युनियर पोस्ट आहे, चालेल?" मी फाडकन बोललो, "वीस वर्षं मॅनेजर होतो मी." काय गरज होती? खलास.

घरी मुलगा ओंकार अमेरिकन फुटबॉल बघत होता. जुन्या टीमने काढलेले दोन म्हातारे क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारे मुख्य खेळाडू, दोघंही नव्या टीममध्ये धडपडतायत.

"टिकणार कोण रे?"

"दॅट वन, बाबा. ही डझन्ट माइंड द बेंच."

म्हणजे राखीव म्हणून बाकावर बसायला ज्याची ना नाही, तो. दुसऱ्याचं मी विचारलंच नाही.

नोकरी गेल्याचं ओंकारला अजून सांगितलेलं नाही. रोज ऑफिसला म्हणून निघतो.

तो उठला, अंगठा ओला करून माझ्या कानामागचा डाग पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "हाउ वॉज द इंटरव्ह्यू, बाबा?"