पाखराच्या रंगाखाली

५ जानेवारी
आजपासून नवी रोजनिशी. मागच्या वर्षीची संक्रांतीपर्यंत टिकली होती. यंदा तसं होणार नाही.

मुख्य बातमी: गाडी घेतली! चंद्रपूरच्या एका भंगारवाल्याकडून. रिटायर झाल्यापासून मनात होतं, की आपली एक कारवां असावी. मागे झोपायची सोय, खिडकी, स्टोव्ह, आणि पुढे नुसतं रान. ही जणू तयारच मिळाली. मागच्या भागात लांब सपाट फळी आहे, एक माणूस पाय पसरून झोपेल. शिवाय फळी रुळावरून बाहेर सरकते. काय डोकं लावलंय करणाऱ्याने! भंगारवाला म्हणाला, सेवाभावी संस्थेची गाडी आहे, हळूहळूच चालवलेली, आणि आतल्या प्रवाशांपैकी एकानेही आजवर तक्रार केली नाही. सांगताना हसला. प्रसन्न माणूस.

बाजूला संस्थेची जुनी अक्षरं आहेत. 'स्वार्थ' असं काहीतरी वाटलं. म्हणजे 'निःस्वार्थ सेवा' असणार. रंगात जाईल.

संकल्प: ऊन तापायच्या आत मीराला सिरोंचाला न्यायचं. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे काठावर गाडी लावायची, चहा करायचा, कविता म्हणायची. लग्न झालं तेव्हाच कबूल केलं होतं. मध्ये नोकरी आली.

मीराने गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "हे त मढ्याची गाडी होय जी. मी नाई बसत याच्यात." जुन्या वस्तूला लगेच मढं म्हणायचं! सवय होईल.

७ जानेवारी
रंग स्वतः दिला. हस्तिदंती. पेंटर लोकांना कलेची दृष्टी नसते. एक हात पुरला. दारावर नाव लिहिलं: पाखरू.

नानाजी बघायला आला. एस.टी.चा रिटायर ड्रायव्हर. आमच्या ज्येष्ठ कारवां मंडळाचा दुसरा आणि सध्या शेवटचा सभासद. म्हणाला, "सर, अखीन एक हात मारा ना. खालचं दिसून राह्यलं." मी समजावलं, नानाजी, चांगल्या कवितेतही खालचं थोडं दिसावंच लागतं. मान डोलावली. समज आहे त्याला.

दोन ओळी सुचल्या:
पाखरू माझे चाकांवरचे
रानामधुनी जाई
उरलेल्या दोन ओळी उद्या.

११ जानेवारी
ट्रायल. चामोर्शी ते आष्टी. नानाजी चालवत होता, मी व्ह्यू बघत होतो. दाट धुकं.

अपूर्व अनुभव. रस्त्यावरची माणसं आम्हाला बघून थांबत होती. एकाने टोपी काढली. एक सायकलवाला उतरून बाजूला उभा राहिला, हात जोडले, मान खाली. जन्मभर खडू झिजवला त्याचं हे फळ. शहरात मास्तरला कोण विचारतं? आपल्या भागात अजून मान आहे. मी प्रत्येकाला खिडकीतून हसून हात केला. ते जरा दचकत होते. एवढ्या साधेपणाची अपेक्षा नसावी.

नानाजी म्हणाला, "ह्या गाडीले कोनी अडवत नाई सर. ट्रॅक्टरवाला बी बाजूले होते." त्यालाही माझ्यामुळे मान मिळतो याचा आनंद झाला.

मीरा आली नाही. गुडघा दुखतो म्हणे. परत आलो तेव्हा माळ्यावर चढली होती.

१९ जानेवारी
आरोग्य. रोज पहाटे चालणे. चहात साखर बंद.
संध्याकाळी: पहाटे थंडी फार होती, उद्यापासून. शुगर तपासली नाही, म्हणजे नॉर्मलच. मीरा म्हणते डोळे दाखवा. डोळे वाचनाने दमले आहेत, बाकी काही नाही. म्हणून वाचन बंद ठेवलं आहे. त्यामुळे दिसत नाही ही तक्रारही आता उरलेली नाही.

कवितेच्या उरलेल्या दोन ओळी आल्या नाहीत. घाई करू नये.

६ फेब्रुवारी
शेजारच्या करिश्माचं लग्न ठरलं. घरी जाऊन मोठ्या मनाने सांगितलं, नवरीला आपल्या पाखरातूनच सासरी पाठवा. फळीवर गादी टाकतो, चारी बाजूंनी फुलं लावतो. करिश्माची आई तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. वडिलांनी हात जोडले, "नोको सर. पाया पडतो तुमच्या." आपली माणसं उपकार घ्यायला फार संकोचतात.

घरी आल्यावर मीरा कपाळाला हात लावून बसली. भारावली असावी.

२२ फेब्रुवारी
धुकं वाढलं आहे. भर दुपारीसुद्धा. नानाजीला ते दिसत नाही. डिझेलच्या धुरात आयुष्य गेलं, निसर्गाची नजर मेली बिचाऱ्याची.

संध्याकाळी दोन चंद्र दिसले. एक किंचित वर. शाळेच्या पुस्तकांत चंद्रावर केवढ्या कविता असायच्या! पण ही गोष्ट एकाही कवीने टिपली नाही. मी टिपतो.

२ मार्च
आठवडी बाजार. कडेला गाडी लावून नानाजी आणि मी चहा घेत होतो. अहेरीच्या पलीकडच्या गावचा एक माणूस जवळ आला. नाव जंगू. चेहरा नीट दिसला नाही, धुकं. गाडीवर हात ठेवून विचारलं, "गुरुजी, आमच्या बुड्याले नेसान का जी? पैसे त नाई लागत ना?" त्याचे वडील, सुकलूबाबा, गडचिरोलीच्या दवाखान्यात आहेत.

मी म्हणालो, अरे, निसर्ग सगळ्यांचा, पैसे कसले! पण या वयात एवढा वेळ बसवेल का त्यांना?
"बसून काऊन? आडवेच नेऊ."
फळीचं महत्त्व त्याला बरोबर कळलं. विचारलं, कधी निघायचं?
"डॉक्टर काय म्हंते पाहू. आशा कमीच हाय."
सुट्टी मिळायची आशा कमी. दवाखाने असेच. जाताना डोळे पुसत होता. फिरायची एवढी ओढ! मी शब्द दिला, केव्हाही फोन कर, गाडी दारात येईल. मंडळाला दोन सभासद वाढले.

नानाजी सगळा वेळ चहाच्या कपात बघत होता.

९ मार्च
अंगणात मीरा उभी होती. कविता म्हणून दाखवली. इतकी शांत उभी राहून ऐकत होती, की मी पुन्हा म्हटली. तेवढ्यात मीरा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "कोनाले आयकवून राह्यले जी?"

ते दोरीवरचं लुगडं होतं.

मीराने अट घातली. "आधी डोळे दाखवा. मंग त्या गाडीवर काय लिहिलं हाय ते सोताच्या डोळ्यानं वाचा. त्याच्यावरही मले सिरोंचाले चाल म्हनान, त पाहू." गाडीवर पाखरू लिहिलं आहे. मीच लिहिलं आहे. पण "पाहू" म्हणाली, हे महत्त्वाचं. अट मान्य.

१७ मार्च
ऑपरेशन. मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बराच काळ अंगावर काढलात. मी धुक्याचं विचारलं. म्हणाल्या, धुकं नव्हतं. चंद्र? एकच.
एवढं निसर्गवर्णन वाया.

१८ मार्च
पट्टी काढली. पहिला मीराचा चेहरा दिसला. म्हणालो, केवढ्या सुरकुत्या आल्या गं तुला! चहा मिळाला नाही.

मग अंगणात गेलो.

वाचलं.

रंगाखालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठळक निळ्या अक्षरांत: स्वर्गरथ. त्याखाली: मोफत सेवा. त्याखाली माझ्या हातचं पाखरू. ख फुटला आहे. 'पारवरू' झालंय.

१९ मार्च
घराबाहेर पडलो नाही. ती टोपी, ती सायकल, ते जोडलेले हात. माझ्यासाठी एकही नव्हता. आणि मी त्यांना हसून हात करत होतो. करिश्माच्या घरावरून जाणं कायमचं बंद. पोरगी सुखात नांदो.

नानाजीला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगून त राह्यलो होतो सर. तुमी कविता सांगत होते."

मीराने तर दोनच वाक्यांत निकाल लावला. "आपन सोर्ग मानत नाई, नरक मानत नाई. दीक्षा घेतलेल्या बापाचं पोर तुम्ही, अन् सोर्गरथ घेऊन हिंडता."

गाडी विकणार. निर्णय पक्का.

२४ मार्च
सकाळी जंगूचा फोन. "गुरुजी, बुड्याले घरी न्याचा हाय. गाडी आना."

गाडी विकायची ठरली होती. पण शब्द दिला होता. नानाजीला बोलावलं. मीराला सांगितलं. ती आत गेली, पांढरं लुगडं नेसून आली आणि गाडीत चढून बसली. ज्या क्षणाची एवढी वाट पाहिली, तो असा आला. म्हणाली, "दुःखाचं घर हाय. तुम्ही एकटे गेले त तिथी कविता म्हनान."

दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारा समोसा खात बसला होता. जंगूने ओळख करून दिली, "हे आमचे बाबा. सुट्टी झाली."
मी विचारलं, मग ही गाडी कशाला रे बोलावली?
"फुकट हाय न जी."

सुकलूबाबांनी फळी दाबून पाहिली, आडवे झाले आणि घोरायला लागले. मंडळाच्या कारवांत झोपलेले पहिले प्रवासी. फळी बरोबर पुरली.

सुट्टी झाल्याचा फोन लावला होता म्हणे, पण गावात रेंज नाही. गाडी शिवेत शिरली आणि एकच आकांत उठला. बाया धावत आल्या. सगळ्यांत पुढे बाबांची घरवाली, बुधरीबाई. त्या गोंगाटाने बाबांची झोपमोड झाली. खिडकीतून डोकं बाहेर काढून खेकसले, "कोन मेला बे?"

बुधरीबाई रस्त्यातच मटकन बसल्या. मग उठल्या, खिडकीपाशी आल्या, आणि हात पोचेल तिथे बाबांना धपाटे घातले. जंगूलाही दिले. मला द्यावे का, असा विचार करताना दिसल्या. गुरुजी म्हणून सोडलं. नंतर चहा झाला, साखरेचा. मी दोन कप घेतले. प्रसंगच तसा होता.

परत येताना मीरा खांदे हलेपर्यंत हसत होती. थांबायची आणि "कोन मेला बे" म्हणून पुन्हा सुरू व्हायची. अशी हसताना तिला शेवटचं कधी बघितलं होतं? धुक्याच्या फार आधी.

गाडी विकत नाही.

२५ मार्च
मीराला स्पष्ट विचारलं, बसलीस ना एकदा, मग सिरोंचाला का नाही? म्हणाली, "मरनाले बसली. फिराले कशी बसू? लोकं पायतील, मले नेऊन राह्यले म्हंतील." बरं, अक्षरं रंगाने झाकू म्हटलं, तर नानाजी म्हणतो, तो निळा पक्का आहे, कितीही दाबा, उन्हाळ्यात वर येईल. मग मीराच म्हणाली, "त मंग जित्ते हाओत असं लिहा न गाडीवर. मोठ्यानं."

मी दुःखात होतो, म्हणून कविता म्हटली. पाखरू माझे चाकांवरचे, रानामधुनी जाई. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"हात नोका जोडू बापा,
आत मेलं कोनी नाई."

वृत्त लंगडतं. शुद्धलेखनाचं तर बोलायलाच नको. पण यमक पक्कं, आणि आशय मान्य करावा लागतो. जानेवारीपासून अडलेल्या ओळी बाईने भेंडीबरोबर मोडून दिल्या.

ठरलं. शेवटची ओळ गाडीच्या मागच्या दारावर. या वेळी पेंटरकडून.

३० मार्च, सिरोंचा
पोचलो. आता क्रमाने लिहितो.

पेंटर काल काम करून गेला होता. सकाळी स्टोव्ह, गादी, चहाचे डबे भरले. मीरा नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन आली. गाडीच्या मागे गेली, वाचलं, आणि तिथेच थांबली. मीही गेलो. डोळे आता उत्तम आहेत. अक्षरं लाल, सुबक, लांबूनही वाचता येतील अशी. पेंटरने पहिले तीन शब्द जीव ओतून एवढे मोठे काढले, की चौथ्याला जागा उरली नाही. तो खाली, स्टेपनीच्या मागे गेला आहे. वाकून पाहिलं तर स्वच्छ दिसतो.

वाकलं नाही, तर: आत मेलं कोनी.

मीराने नानाजीला एवढंच विचारलं, "एस.टी. किती वाजताची हाय जी, भाऊ?"

ती बसने निघाली. आम्ही बसच्या मागे. नानाजी म्हणाला, रस्ता मोकळा आहे, पुढे काढू का? मी म्हणालो, नको, मागेच राहू दे. ठरल्याप्रमाणे आम्ही दोघं सिरोंचाला बरोबरच निघालो होतो, असं म्हणायला हरकत नाही.

आलापल्लीच्या पुढे बस थांबली. कंडक्टर खाली उतरला, आमच्याकडे बघितलं, टोपी काढली, हात जोडले. मीही जोडले. आता दुसरं काय करणार?

वर बघितलं तर बसच्या मागच्या खिडकीत मीरा होती. तिनेही हात जोडले होते. खांदे हलत होते तिचे. शेजारची बाई तिची पाठ थोपटत होती.