चौकोनातली फट

३ फेब्रुवारी, मंगळवार
ओवीचा हिस्ट्री प्रोजेक्ट — स्वित्झर्लंडचे भालेकरी! थर्मोकोलवर दातकोरण्या खोचून शंभर शिपायांचा चौकोन केला आम्ही मायलेकींनी. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचे साधे गुराखी नि शेतकरी हे. लांबच लांब भाले घेऊन एकमेकांना चिकटून उभे राहिले आणि चिलखतातले घोडेस्वार लोळवले! युक्ती एकच — कुणी जागा सोडायची नाही. पुढे राजेरजवाडे त्यांनाच पगारावर नेऊ लागले.

“मर्सिनरी इन मराठी?”
“भाडोत्री सैनिक.”
“ओह, लाइक अस! वी पे रेंट ना?”

अगं बये, ते भाडेकरू! ओवीचा बाबा सुजीत कित्येक दिवसांनी हसला. सहा महिने झाले त्याची नोकरी जाऊन. आता तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मरीना भागातल्या आमच्या ऑफिसात आज बॉम्बच पडला. आम्हा चौघांतला एक जाणार. कोण, ते आम्हीच लिहून द्यायचं! स्वतःचं नाव न घालता, बंद पाकिटात, सोमवारी. मॅनेजर हे हसत सांगत होता, मेला.

पॅन्ट्रीत मोईन तडकला — “कोई किसी का नाम नहीं लिखेगा. कोरा कागज, खलास!” रंभाने मान डोलावली. वासुदेवदादा, आमच्यात सगळ्यांत जुने, म्हणाले, “चौघंही कोरे देऊ. मग काढतील कुणाला?”

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं!

८ फेब्रुवारी, रविवार
दादांचे मुलगे मिळवते आहेत. पुण्यात फ्लॅट आहे. साठीला आलेच आता... हे सगळं मला आजच का आठवतंय?

९ फेब्रुवारी, सोमवार
लिहिलं. दादांचं नाव. कॅपिटल अक्षरांत, म्हणजे माझं अक्षर ओळखू येणार नाही.

भाडोत्री.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
दादांना काढलं. निमूटपणे ड्रॉवर आवरत होते. मी मदतीला गेले — निर्लज्ज! मोईन सगळ्यांदेखत ओरडत होता, “किसने लिखा?” मी दादांच्या पेनांना रबरबँड लावत बसले.

ओवीला ए ग्रेड मिळाला. म्हणे, “बसमध्ये एक टूथपिक पडली, मम्मा. नोबडी नोटिस्ड.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
दादांचा फोन. “मृणाल, मोईनला सांग, उगाच शोधत बसू नकोस. मीच लिहिलं होतं माझं नाव. सुजीतची नोकरी गेल्याचं कळलं होतं गं मला.” मग म्हणाले — “मॅनेजर म्हणाला, दोन कागदांवर होतं. दुसरा कुणाचा, मी विचारलं नाही.”