तिसऱ्या सिग्नलहून डावीकडे

नागपूर,
११ फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप मामांच्या पायांशी गिरिधरचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता रामटेकचा गड चढू देतो का, मामींचा खोकला थांबला का आणि धानाला यंदा भाव काय, ते सवडीनं कळवावं. इकडे आई, चारुलता आणि मी खुशाल आहोत. आई माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडून.

वर्ध्याच्या भैयाजींचं पत्र तुम्हाला मिळालंच असेल. तुम्ही एवढी खटपट करून त्यांना सहकुटुंब आपल्या चारुलताला पाहायला पाठवलं, आणि ते आमचं घर न सापडताच परत गेले. माझ्याबद्दल त्यांनी काय काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे. पण माझी बाजू ऐकल्याशिवाय हे स्थळ हातचं गेलं असं समजू नये.

झालं असं, की आमच्या ले-आउटमध्ये पाहुणे चुकतात, तार भलत्याच घरी जाते, म्हणून मंडळानं सगळ्यांनी मिळून वस्तीचा नकाशा करायचं ठरवलं. वाचनालयाच्या भिंतीवर मोठा कागद लावला, दोरीनं पेन्सिल बांधली. ज्याला जे ठाऊक ते त्यानं लिहावं. शाईनं पक्कं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं (त्यासाठी छड्या तुम्हीच मारल्या होत्या). सुरुवात झकास झाली. विहिरी, रुपरावची चक्की, कुत्रं अंगावर येणारी गल्ली, सगळं कागदावर आलं. मग मोठ्या रस्त्यावर लाल-हिरवे दिवे लागले, आणि इतकी वर्षं बिननावाचा पडलेला तो चौक एकदम ज्याला त्याला आपला वाटू लागला.

कोपऱ्यावर किराणा दुकान असलेल्या ईश्वरदासजींनी 'ईश्वरदास चौक' लिहिलं. यमुताईंचं भजनी मंडळ समोरच्या दत्ताच्या देवळात बसतं, त्यांनी 'दत्त चौक' लिहिलं. देवाजी स्वतः रेल्वेत आहेत, पण त्यांच्या वडिलांचा हातमाग तिथं होता. ते म्हणाले, "दिवे आत्ता लागले गा, माग तं माह्या बापाचा होता," आणि 'हातमाग चौक' लिहून मोकळे झाले. तुम्ही म्हणाल, दोन नावं खोडायची. पण मामा, वडीलधाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं खोडायचं कोणी? ते तर तोंडावर दार लावण्यासारखं. म्हणून प्रत्येकानं मोठ्या मनानं दुसऱ्याचं नाव राहू दिलं आणि आपलं थोडं बाजूला सरकून लिहिलं. नाव बाजूला गेलं म्हणून तिथं चौक काढावा लागला. चौक आला तर त्याला सिग्नल हवाच. मी तिन्ही सिग्नल लाल, पिवळ्या, हिरव्या शाईनं रंगवले. नकाशा इतका देखणा झाला, की त्याची नक्कल मी भैयाजींना पाठवली आणि खाली लिहिलं: तिसऱ्या सिग्नलहून डावीकडे. (नकाशाप्रमाणे ते अगदी बरोबर होतं.)

रविवारी पाहुण्यांची मोटर सिग्नलला आली, आणि पुढचे दोन शोधत थेट लकडगंजात लाकडांच्या टालांमध्ये शिरली. इकडे आईच्या सांभारवड्या गार व्हायला लागल्या, तशी वस्ती मदतीला धावली. ईश्वरदासजी, यमुताई आणि देवाजी पाहुण्यांना गाठायला आपापल्या चौकात जाऊन उभे राहिले, म्हणजे तिघंही एकाच खांबाखाली. तेवढ्यात मोटर परत आली. भैयाजींनी काच खाली करून हा कोणता चौक म्हणून विचारलं, आणि तिघांनी एका दमात तीन उत्तरं दिली. भैयाजींना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. दिवा हिरवा झाला, मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला आणि मोटर जी निघाली ती वर्ध्याला गेली. मी हात हलवत मागे धावलो. नवऱ्या मुलानंही मागच्या काचेतून हात हलवला (निरोपाचा समजून, बहुधा). वड्या मग वस्तीनंच खाल्ल्या, आणि त्या छान झाल्या होत्या यावर तिघांचंही एकमत झालं.

तरी मामा, एकच विनंती. भैयाजींची समजूत घालून त्यांना पुन्हा आणावं, आणि या खेपेला तुम्ही स्वतः मोटरीत बसावं. मुलगा पर्मनंट आहे, शिवाय हात हलवण्यावरून स्वभावानंही गरीब वाटला. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
गिरिधर

ता. क. वरची विनंती रद्द समजावी. चारुलताला जरा हसू येईल म्हणून हे पत्र तिला वाचायला दिलं. ती हसलीही, पण शेवटच्या परिच्छेदाशी थांबली. म्हणाली, "दादा, तू काहून बोलावून राहिला त्यांना पुन्हा? मला बी.एड. करायचं आहे." मग आधी का नाही सांगितलंस, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "विचारलं कोणी?" मामा, मला खरंच फार वाईट वाटलं. एका चौकाच्या नावासाठी आम्ही अख्ख्या वस्तीच्या हाती पेन्सिल दिली, आणि जिचं लग्न तिला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. तुम्ही नाही, आईनं नाही, मीही नाही. तेव्हा भैयाजींना आणू नये.

आणखी एक. आईला यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. ती तुमची धाकटी बहीण, तुमचंच ऐकते. येत्या रविवारी येऊन तेवढं तुम्हीच तिच्या कानावर घालावं. मी आणि चारुलता त्या दिवशी सदर बाजारात असू, दिवसभर.